हसा सिस्टरने पास केलेला पेशंट

माझ्या वहिनीला सगळं हॉस्पिटल ‘हसा सिस्टर’ म्हणतं. आता तुम्ही म्हणाल, काय गोड नाव आहे! कसलं गोड आणि कसलं काय. ती स्वतः महिन्यातून एकदा हसली तरी मी डोळे चोळून बघते. नाव पडलं ते तिच्या कामामुळे. कुणाचा चेहरा जरा ओढल्यासारखा दिसला, कुणाच्या हातून चमचा पडला, कुणी बोलताना अडखळलं, की ही बया समोर जाऊन उभी. “हसा. दोन्ही हात वर करा. आता माझ्यामागून म्हणा, आज बाजारात ताजी भाजी आली आहे.” तोंड वाकडं झालं, एक हात खाली घसरला किंवा जीभ जड झाली, तर स्ट्रोक. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं, आता धावपळ करा. तिन्ही नीट जमलं, तर पास.

आणि हे नुसतं नाटक नव्हतं बरं का. आमचे हिशेबखात्याचे साहेब एकदा तिच्या रजेच्या अर्जावरून तिच्यावरच आवाज चढवत होते. बोलता बोलता त्यांचा एक शब्द दुसऱ्यात मिसळायला लागला. वहिनी म्हणाली, हसा. साहेबांना वाटलं, ही आपली टिंगल करतेय, म्हणून ते आणखी भडकले. तिने त्यांना तसंच खुर्चीसकट खाली तपासणीच्या खोलीत ढकलत नेलं. साहेब आज ठणठणीत आहेत, दोन जिने चढून येतात. रजा अजूनही देत नाहीत, तो भाग वेगळा. असे लिफ्टपाशी, कँटीनमध्ये, माझ्या रिसेप्शनच्या रांगेत तिने हेरलेले कितीतरी लोक आज आपापल्या पायांवर चालतायत. नव्या नर्सना स्ट्रोक कसा ओळखायचा हे शिकवायचं, तर हसा सिस्टरनेच, हे ठरूनच गेलेलं होतं.

घरीही तीच तऱ्हा. माझं डोकं दुखलं तरी गोळी मिळायच्या आधी मला हसावं लागायचं. मी एकदा चिडून म्हटलं, शिंक तरी येऊ दे, मग हसते. तेव्हापासून तिने माझं नाव ‘ठिणगी’ ठेवलं. माझा संसार मोडला तेव्हापासून मी दादा-वहिनीकडेच असते. रिसेप्शनची नोकरीही तिनेच मिळवून दिली. म्हणजे डोक्यावरचं छप्पर दादाचं आणि पोटाची सोय वहिनीची. त्यामुळे तिच्यावर चिडायचं तरी एका मर्यादेत चिडावं लागतं, आणि मला ती मर्यादा रोज ओलांडायची सवय आहे.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. एवढंसं, काउंटरमागे दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकणार नाहीत असं. पण गिऱ्हाईक लांबून येतं, कारण दादाला घाई नाही. डोळ्यांवर ती गोल काचांची चौकट चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची. “आता कसं दिसतंय? आणि आता? हे बरं की आधीचं बरं?” एखादी आजी वीस वेळा ‘आधीचं दाखव’ म्हणाली तरी हा वीस वेळा दाखवणार. मी म्हणायचे, अरे, तुला माहीत असतो ना नंबर, देऊन टाक. तो म्हणायचा, दिसतं तिला, मला नाही, तिला विचारायला नको? असा हा माणूस घरात मात्र अर्ध्या वाक्यांत बोलायचा. उरलेलं अर्धं वहिनी पूर्ण करायची. इतक्या वर्षांत दोघांच्या ते अंगवळणी पडलं होतं आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर त्या सकाळची गोष्ट. आमच्या हॉस्पिटलमध्ये वर्षातून एकदा स्ट्रोकच्या नव्या उपचारांचं शिक्षण असतं. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांना यावं लागतं. यंदा आम्हा रिसेप्शनवाल्यांनाही बोलावलं होतं, कारण पेशंट आधी आमच्याच खिडकीशी येतो. तिथे वहिनीचा तास म्हणजे मानाचा तास. तिने आदल्या दिवशीच युनिफॉर्मला कडक इस्त्री करून ठेवली होती. मी केस विंचरत होते तेवढ्यात दादा बाथरूममधून भिंतीला हात लावत लावत बाहेर आला. दाराची चौकट धरून थोडा वेळ उभा राहिला, मग खुर्चीत बसला नाही, खुर्चीत पडला. त्याला उचक्या लागल्या होत्या. मी म्हटलं, सकाळी सकाळी कोण आठवण काढतंय रे एवढी? तो हसला नाही. उठून कसाबसा बेसिनपाशी गेला आणि ओकला.

वहिनी केसांना पिना लावत आली. दादा म्हणाला, “अगं, मला जरा वेगळंच दिसतंय, म्हणजे असं की...”

“दिसायचं नंतर. आधी हसा.”

तो हसला. चेहरा सरळ. हात वर केले, दोन्ही सारखे वर. ताजी भाजीही बाजारात स्वच्छ आली. वहिनीने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि निकाल दिला, की कानाचं आहे हे. कानातला तोल बिघडला की अशीच चक्कर येते. उलटी थांबायची गोळी दिली, पांघरूण घातलं, पडदे ओढले. दादा पांघरुणातून पुन्हा काहीतरी म्हणायला गेला, तर ती म्हणाली, बोलू नका, झोपा, झोपेने बरं वाटेल. मी म्हटलं, मी थांबते घरी. ती म्हणाली, कशाला? मी बघितलंय ना. आता ‘मी बघितलंय’ म्हटल्यावर आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना किल्ली दिली, मधून मधून डोकावा म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघी निघालो.

हॉलमध्ये एसीचं पाणी गळत होतं, त्याखाली बादली ठेवली होती. निम्मी मंडळी हजेरीचे पॉइंट मिळतात म्हणून आलेली, ती मागच्या रांगांत. आम्ही पुढे, कारण वहिनीला पुढेच बसायचं असतं. पहिला तास धाकट्या डॉक्टरांचा होता. ह्या बाई मेंदूरोगाच्या विभागात नव्याने आल्या आहेत, म्हणून धाकट्या. शिकाऊ असताना त्या हसा-हात-बोला वहिनीकडूनच शिकलेल्या. त्यांनी सुरुवातीलाच ते सांगितलं, सगळ्यांनी माना उंचावून वहिनीकडे बघितलं, आणि वहिनीने मान अशी किंचित हलवली, की त्यात काय एवढं. मनातून फुलली होती. मला कळतं.

मग डॉक्टरांनी पडद्यावर एक व्हिडिओ लावला. एक मध्यमवयीन गृहस्थ, खाटेवर उशीला टेकून बसलेले. कॅमेऱ्यामागून कुणीतरी सांगितलं तसे ते हसले. चेहरा सरळ. हात वर केले. बोललेही व्यवस्थित, उलट माझ्यापेक्षा स्पष्ट. डॉक्टरांनी तिथेच चित्र थांबवलं आणि विचारलं, ह्यांना घरी पाठवायचं का? ज्यांना वाटतं पाठवावं, त्यांनी हात वर करा.

सगळ्यात आधी हात वर झाला तो वहिनीचा. तिच्या पाठोपाठ हॉलभर हात. मीही केला, आपलं काय जातंय!

व्हिडिओ पुढे सुरू झाला. त्या गृहस्थांना आता उशीचा आधार काढून खाटेच्या कडेला बसायला सांगितलं. ते बसले आणि रिकाम्या पोत्यासारखे एका बाजूला कलंडले. दोन नर्सनी धरलं म्हणून, नाहीतर खाली आपटले असते.

हॉलमध्ये कुजबुज झाली. डॉक्टर शांतपणे सांगत होत्या. मेंदूच्या मागच्या भागाचं रक्त अडलं तर चेहरा, हात, बोलणं, तिन्ही सुरुवातीला चांगली राहू शकतात. पेशंटची तक्रारच वेगळी असते. गरगरतं, उलटी होते, एकाचे दोन दिसतात, उठून चालवत नाही, भिंत धरावी लागते. कधी कधी उचक्या लागतात आणि थांबत नाहीत. म्हणून आता तीन गोष्टींच्या आधी तोल आणि डोळे बघायचे. हे पेशंट बऱ्याचदा चुकतात, त्या म्हणाल्या, कानाचं दुखणं म्हणून गोळी देऊन झोपवले जातात.

माझ्या हातातला चहाचा कागदी कप कधी चेपला गेला कळलं नाही. चहा मांडीवर सांडला, तो गरम होता हेसुद्धा नंतर फोड आल्यावर समजलं. भिंतीवरचा दादाचा हात मला दिसत होता. चौकट धरून उभा राहिलेला दादा दिसत होता. मी वहिनीकडे बघितलं. सगळ्यांचे हात केव्हाच खाली आले होते आणि तिचा एकटीचा वरच होता. पडद्याकडे बघत होती, पण तिला पडदा दिसत नव्हता. तोंडावरचं रक्त उतरून चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टरांना वाटलं, तिला प्रश्न विचारायचाय. “बोला ना, सिस्टर.”

वहिनी उभी राहिली. हात तसाच वर. जिला आम्ही सगळे टरकतो, तिचा आवाज मला शेजारी बसूनही जेमतेम ऐकू आला.

“माझे मिस्टर घरी आहेत,” ती म्हणाली. “सकाळी मी त्यांना पास केलं आणि इथे आले.”

मग डॉक्टर व्यासपीठावरून अक्षरशः उडी मारून खाली आल्या. शेवटचे एकदम ठीक कधी होते, त्यांनी विचारलं. हा प्रश्न वहिनी दर वर्षी फळ्यावर लिहिते, नव्या नर्सकडून घोकून घेते, आणि तिला उत्तर देता येईना. मीच सांगितलं, रात्री झोपेपर्यंत ठणठणीत होता, कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत बसला होता, सकाळी उठला तोच असा. तोवर मी काकूंना फोन लावला होता. काकू म्हणाल्या, अगं, छान झोपलाय, चांगला घोरतोय. मी म्हटलं, उठवा. काकू म्हणाल्या, कशाला बिचाऱ्याची झोप मोडायची? मी फोनवर किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माउलीवर ओरडले. पलीकडे त्या दादाला हाका मारत होत्या, आधी हळू, मग मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. मग फोनवर आल्या आणि रडायलाच लागल्या. “उठत नाहीये गं तो.”

अँब्युलन्समध्ये वहिनी माझ्यासमोर बसली होती, हात मांडीवर, मुठी आवळलेल्या. मला तिचा इतका संताप आला होता, की वाटत होतं तिला गदागदा हलवावं. माझा एकुलता एक भाऊ, तो काहीतरी सांगत होता आणि हिने त्याला हसायला लावलं! आणि त्याच वेळी तिचं ते तोंड बघून तिची दयाही येत होती. बोलण्यासारखं तिने सगळ्या हॉलसमोर आधीच बोलून टाकलं होतं.

घरी खोलीत पडदे तसेच ओढलेले. दादा उताणा पडलेला, तोंड उघडं, श्वास घरघरत होता. वहिनीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, हाका मारल्या. त्याने एक डोळा उघडला. आणि काय झालं देव जाणे, सवयीनेच असणार, तिच्या तोंडून निघून गेलं, “हसा.”

त्याने प्रयत्न केला हो. तिने सांगितलं म्हणून त्या अवस्थेतही केला. एका बाजूचा ओठ वर गेला, दुसरी बाजू तशीच लोंबत राहिली. काहीतरी बोलला, ते नुसतं घशातलं पाणी वाजल्यासारखं. सकाळी पास झालेला माणूस आता नापास होता. वहिनी खाली बसली. स्ट्रेचरवाल्यांनी तिला ओलांडून दादाला उचललं.

परत येताना ती एकच वाक्य पुटपुटत होती, वेळ गेली, वेळ गेली. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला वेळेची मर्यादा असते आणि ती रात्रीपासून मोजली तर केव्हाच उलटली होती, एवढं मलाही कळत होतं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्यावर लोक भाजी घेत होते, फोनवर बोलत होते, एक माणूस चालता चालता केळं खात होता. मला त्या केळं खाणाऱ्याचा भयंकर राग आला.

हॉस्पिटलच्या दारात सकाळचा अख्खा वर्ग उभा होता. मागच्या रांगेत पेंगणारेसुद्धा. कुणी स्कॅनची खोली रिकामी करून ठेवली होती, कुणी लिफ्ट अडवून धरली होती. स्कॅन बघून धाकट्या डॉक्टर बाहेर आल्या. वहिनी त्यांना म्हणाली, मला माहितीये, वेळ गेली. डॉक्टर म्हणाल्या, “इंजेक्शनची गेली, सिस्टर. तारेची नाही.” मेंदूच्या मागची मोठी रक्तवाहिनी बंद आहे, पण सगळा भाग अजून मेलेला नाही. जांघेतून बारीक नळी वरपर्यंत न्यायची आणि तारेच्या जाळीत गुठळी पकडून बाहेर ओढायची. निवडक पेशंटमध्ये हे आता बऱ्याच उशिरापर्यंत करता येतं, स्कॅन बघून ठरवायचं. खात्री देत नाही, त्या म्हणाल्या, जीवही जाऊ शकतो. मग म्हणाल्या, जेवणानंतरचा तास ह्याच्यावरच होता.

वहिनीला कागदावर सही जमेना. मी केली.

आम्ही माझ्याच रिसेप्शनसमोरच्या खुर्च्यांवर बसलो, जिथे रोज लोकांना मी ‘बसून घ्या, बोलावतील’ असं सांगते. किती निर्दयी वाक्य आहे ते, तिथे बसल्याशिवाय कळत नाही. नर्स येत होत्या, पाणी देत होत्या, वहिनीकडे बघायचं टाळत होत्या. ज्या मुलींना तिने रडवून रडवून शिकवलं, त्यांना तिच्याशी काय बोलावं समजत नव्हतं. ती बोलली फक्त एकदा. म्हणाली, “ठिणगी, ते मला काहीतरी सांगत होते गं.” मी म्हटलं, हो.

रक्तवाहिनी उघडली. डॉक्टरांनी बाहेर येऊन तेवढंच सांगितलं आणि पुढचं हळूहळू कळेल म्हणाल्या. हळूहळू म्हणजे किती हळूहळू, ते पुढच्या दिवसांत कळलं. दादाने आधी डोळे उघडले, मग बोटं हलवली, मग श्वासाची नळी निघाली. तोंड बरंचसं सरळ झालं. आवाज मात्र घोगरा झाला आणि डाव्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागली, नाहीतर त्याला प्रत्येक गोष्ट जोडीने दिसायची. खाटेच्या कडेला बसवलं की कलंडायचा. चष्म्याचा बारीक स्क्रू त्या हातांना पुन्हा धरता येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हत्या आणि आम्ही विचारत नव्हतो.

वहिनी रोज ड्युटी संपली की युनिफॉर्ममध्येच येऊन बसायची. उशी नीट कर, नाडी बघ, गोळ्या बघ. बोलणं जवळजवळ नाही. वॉर्डात कुणाला हसा म्हणताना तिला मी त्या दिवसांत ऐकलं नाही.

आणि मग एक दिवस मीच घोळ घातला. माझ्या तोंडाला दार नाही. दादाला खिमट भरवता भरवता मी म्हटलं, अरे, फोन तरी करायचास ना मेल्या! उशाशी होता फोन.

दादाने घास गिळायला बराच वेळ घेतला. हल्ली घेतोच. म्हणाला, फोन दोन दिसत होते, पण चाचपून सापडला असता. काकूही आल्या होत्या मध्ये. त्यांनी विचारलं होतं, करू का फोन, बोलावू का दोघींना.

“मग?”

“मी नको म्हटलं,” दादा म्हणाला. “हिने पास केलं होतं ना मला. मला वाटलं, मलाच काहीतरी चुकीचं वाटतंय.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तीच तर गोष्ट होती, राग असता तर बरं झालं असतं. चमचा माझ्या हातात तसाच राहिला. वहिनी खिडकीपाशी पाठ करून औषधं लावत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ही बाहेर निघून जाईल, किंवा रडेल, किंवा नेहमीसारखं वरच्या पट्टीत ओरडेल की वेडे का काय तुम्ही.

ती आली. खुर्ची ओढून खाटेला अगदी लागून बसली, त्याच्या पट्टी नसलेल्या डोळ्यासमोर.

“त्या दिवशी सकाळी तुम्ही काय सांगत होतात?” तिने विचारलं. “वेगळं म्हणजे कसं दिसत होतं?”

दादाने सुरुवात केली. त्याला अडखळायला होत होतं, एक एक शब्द शोधून आणावा लागत होता, मध्येच खोकला यायचा, धागा सुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. आरशात आपल्याला दोन चेहरे दिसले, इथून सांगायला लागला. माझ्या जिभेवर तीनदा त्याचा शब्द आला आणि मी तो गिळला. चमच्यातलं खिमट गार झालं. बाहेर भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

वहिनी त्याचं वाक्य संपायची वाट बघत होती.